पाळक आठवडाभर काय करतात, आणि बायबल वुमनची जागा का काढू नये

प्रश्न थोडक्यात असा आहे. नागपुरातल्या एका मराठी चर्चच्या कमिटीवर पहिल्यांदाच निवडून आलेला एक तरुण विचारतो, की जूनमध्ये आमच्याकडे नवीन पाळकसाहेब येणार आहेत, कमिटीतले काही जण म्हणतात पाळकांचं काम म्हणजे रविवारचे दोन तास, बाकी आठवडा मोकळाच. स्टाफमध्ये एक बायबल वुमन (घरोघरी भेटी देणारी चर्चची सेविका), एक पार्टटाइम ऑर्गन वाजवणारे आणि एक चपराशी आहे. बायबल वुमन आता रिटायर होतात, तर ती जागा बंद करून त्या पैशात नवीन साउंड सिस्टिम आणि ऑनलाइन उपासनेसाठी कॅमेरा घ्यावा असा ठराव येणार आहे. मी हो म्हणू की नाही? आणि नवीन पाळकांच्या स्वागताला काय करायचं?

ठरावाला नाही म्हणा. हे आधीच सांगून टाकतो म्हणजे पुढचं वाचलं नाही तरी चालेल, पण वाचा, कारण मीटिंगमध्ये उभं राहून नुसतं नाही म्हटलं तर कोणी ऐकत नाही, कारण द्यावं लागतं.

मी ३१ वर्षं प्रेसबिटर, म्हणजे दीक्षित पाळक, होतो, त्यातली अर्ध्याहून जास्त नागपूर आणि आजूबाजूच्या मंडळ्यांमध्ये, म्हणजे चर्चांमध्ये, गेली, आता रिटायर होऊन जरीपटक्याच्या बाजूला राहतो आणि रविवारी बाकावर बसून दुसऱ्याचा संदेश, म्हणजे प्रवचन, ऐकतो. बाकावर बसल्यापासून कितीतरी गोष्टी दिसायला लागल्या ज्या पुलपिटावरून दिसत नव्हत्या.

आधी नावांचा घोळ सोडवू, कारण आपल्या गावात तो जास्तच आहे. एकाच चर्चमध्ये कोणी पाळकसाहेब म्हणतं, कोणी पाद्री म्हणतं, कोणी पास्टर, आणि एखादी म्हातारी आजी सरळ फादर म्हणते. यातलं कोणीच चुकत नाही, प्रत्येकाच्या तोंडी त्याच्या आजोबांचं मिशन बोलत असतं. स्टीफन हिस्लॉप १८४५ मध्ये नागपुरात आले ते स्कॉटलंडच्या फ्री चर्चकडून, त्यांच्या परंपरेत बिशप नसतो, पाळक आणि मंडळीतले वडील (म्हणजे ज्येष्ठ सभासद) मिळून कारभार चालवतात. दुसरीकडे सदर भागातलं ऑल सेंट्स कॅथेड्रल मुळात अँग्लिकन, तिथे बिशप, छापील प्रार्थनापुस्तक, गुडघे टेकून प्रार्थना. मग २९ नोव्हेंबर १९७० ला आपल्याच नागपुरात चर्च ऑफ नॉर्थ इंडियाचा (सीएनआय) जन्म झाला आणि सहा वेगवेगळ्या परंपरा एका छताखाली आल्या, अँग्लिकन, प्रेसबिटेरियन-काँग्रिगेशनल, बॅप्टिस्ट, ब्रदरन, डिसायपल्स आणि ब्रिटिश-ऑस्ट्रेलियन बाजूचे मेथडिस्ट. अमेरिकन बाजूचे मेथडिस्ट ऐन वेळी आले नाहीत, म्हणून मेथडिस्ट चर्च आपल्या गावात आजही वेगळं आहे. कागदावर एकी झाली, पण लोक आपापल्या सवयी घेऊन आले. म्हणून आजही नवीन पाळक आले की पहिल्या महिन्यातच कोणीतरी म्हणतो आमच्याकडे प्रभुभोजन बाकावर बसून घेतात, दुसरा म्हणतो आमच्याकडे समोर जाऊन गुडघे टेकतात, आणि एका घरात तान्ह्या लेकराचा बाप्तिस्मा हवा असतो तर शेजारच्या घरात पोरगा मोठा झाल्यावर त्याने स्वतः ठरवावं असं असतं. सीएनआयमध्ये दोन्ही चालतं, पण दोन्ही घरांना आपलं ऐकलं गेलं असं वाटायला पाहिजे, आणि ते काम पाळकाचं.

आता हुद्दे. सीएनआयमध्ये दीक्षित सेवेचे तीन टप्पे आहेत, डीकन, प्रेसबिटर आणि बिशप. पोरगा किंवा पोरगी थिऑलॉजी शिकून येते, आपल्याकडचे बरेच जण जबलपूरच्या लेनर्ड कॉलेजमधून किंवा पुण्याहून सेरामपूरची बी.डी., म्हणजे धर्मशास्त्राची पदवी, करून येतात, मग आधी डीकन म्हणून दीक्षा होते आणि काही काळ एखाद्या अनुभवी पाळकाच्या हाताखाली काम केल्यावर प्रेसबिटरची. डीकन संदेश देऊ शकतो, आजाऱ्यांना भेटतो, पण प्रभुभोजनाचा विधी चालवायला प्रेसबिटरच लागतो. बायकांनाही प्रेसबिटर होता येतं, तर उद्या तुमच्याकडे पाळकसाहेबांऐवजी पाळक म्हणून एखाद्या ताई आल्या तर कमिटीने आधीच मन तयार ठेवावं. पाळक पाठवतात बिशप आणि डायोसिस (बिशपच्या हाताखालचा प्रांत), तुम्ही इंटरव्ह्यू घेऊन नेमलेला माणूस नाही तो, साधारण तीन ते पाच वर्षांनी बदली होते आणि शाळा सुरू व्हायच्या आत सामान हलावं म्हणून मे-जूनमध्येच होते. स्वतंत्र चर्चमध्ये वेगळं असतं, तिथे ज्या पास्टरने चर्च सुरू केलं तोच बहुतेक आयुष्यभर असतो.

पण स्टाफ म्हटलं की लोक पाळकापाशीच थांबतात. चर्च चालवणारी अर्धी माणसं बिनपगारी असतात किंवा इतक्या थोड्या पगारावर असतात की ॲन्युअल रिपोर्टमध्ये त्यांची एक ओळ येते. संडे स्कूलच्या ताई, सेक्रेटरी, ट्रेझरर, ऑर्गनवाले सर, पहाटे येऊन बाक पुसणारा आणि घंटा वाजवणारा चपराशी, दफनभूमीत खड्डा खणणारा माणूस. या शेवटच्या माणसाकडून मी जे शिकलो ते कोणत्याच कॉलेजात शिकवलं नव्हतं. नवीन डीकन होतो, मे महिना, दुपारी ४ ची दफनविधी, ऊन तुम्हाला माहीतच आहे कसं असतं, आणि मी कबरेपाशी तयार करून आणलेला पूर्ण संदेश द्यायला लागलो. तो माणूस फावडं धरून मागे उभा होता, हळूच जवळ आला आणि म्हणाला, साहेब, लहान लेकरं उन्हात उभे आहेत जी. तेव्हापासून कबरेपाशी वचन आणि प्रार्थना एवढंच, बोलायचं ते संध्याकाळी घरी, सतरंजीवर बसून, आणि खरं म्हणजे घरी बोलायचं कमी आणि ऐकायचंच जास्त असतं.

आता तो दोन तासांचा मुद्दा. मीटिंगमध्ये कोणी म्हणालं तर भांडू नका, नुसता एक आठवडा सांगा.

रविवारच्या वीस मिनिटांच्या संदेशाला मला आठ ते दहा तास लागायचे, ३१ वर्षांनंतरही लागायचे, वय वाढलं म्हणून कमी झाले नाहीत. सोमवार सुट्टीचा म्हणतात, पण मरण वार बघून येत नाही आणि आपल्या उन्हाळ्यात दफन लांबवता येत नाही, फोन आला की दोन-तीन तासांत घर, शवपेटी, दफनभूमीची परवानगी, उपासनेची वेळ, सगळं ठरवावं लागतं. मंगळवार-बुधवार दवाखाने. मेडिकल, मेयो, बर्डीवरचं म्यूर, वर्धा रोडचे मोठे प्रायव्हेट, आणि यातलं एक टोक ते दुसरं टोक दुपारच्या ट्रॅफिकमध्ये स्कूटरवर. दवाखान्यातली भेट पाच-सात मिनिटांचीच असावी पण ती नीट व्हावी, पेशंटच्या पलंगावर बसायचं नाही, त्याला मान न वळवता दिसाल असं उभं राहायचं, आजार काय हे विचारायचं नाही, तो सांगेल तर ऐकायचं, एखादं स्तोत्र, बहुतेक वेळा २३ वं किंवा १२१ वं, कारण ते त्याला पाठ असतं आणि ओठ आपोआप हलतात, मग छोटी प्रार्थना, आणि बाहेर आल्यावर नातेवाइकाला विचारायचं की रात्री कोण थांबतं, डबा कोण आणतं, रक्त लागणार आहे का. हे शेवटचे प्रश्न विचारले नाहीत तर भेट अर्धी राहते असं माझं मत आहे. मग त्याच संध्याकाळी तरुण संघाच्या सेक्रेटरीला फोन करून दोन रक्तदाते बघायचे.

गुरुवारी-शुक्रवारी घरच्या प्रार्थना, लेंट, म्हणजे ईस्टरच्या आधीचा उपवासकाळ, असला की चाळीस दिवस रोज संध्याकाळी एका घरी, आज मोहननगर, उद्या कामठी, परवा मानकापूर. डिसेंबरात कॅरल, आगमनाचे चार रविवार, घराघरातल्या ख्रिसमसच्या प्रार्थना, पाळकाच्या घरच्यांनी पाळकाला डिसेंबरात जेवायच्या टेबलावर बघितलं तर नशीब. गुड फ्रायडेला दुपारी १२ ते ३ येशूच्या क्रुसावरच्या सात उद्गारांची उपासना, बाहेर चाळिशीपार ऊन आणि आत कूलरचा आवाज, तरी लोक तीन तास बसतात, मला दर वर्षी त्या दिवशी आपल्या लोकांचा अभिमान वाटायचा.

आणि कागद. लोकांना हे काम माहीतच नसतं. बाप्तिस्मा, दृढीकरण (मोठं झाल्यावर स्वतः विश्वास कबूल करण्याचा विधी), विवाह, दफन, चारही रजिस्टरं पाळकाच्या जबाबदारीवर. कोणाला शाळेसाठी बाप्तिस्म्याचा दाखला पाहिजे, कोणाला पासपोर्टसाठी आईच्या लग्नाचा, कोणी मुंबईहून फोन करतो की आजोबांचा बाप्तिस्मा स्वातंत्र्याच्या आधी तुमच्याकडे झाला होता, बघता का. मग कपाट उघडायचं, वाळवीने कडा खाल्लेलं रजिस्टर काढायचं, झरणीच्या अक्षरातलं नाव शोधायचं. कमिटीला पैसे खर्च करायचेच आहेत तर कॅमेऱ्याच्या आधी ही रजिस्टरं स्कॅन करून घ्या, खर्च फार येत नाही आणि एकदा गेली तर परत मिळणार नाहीत.

लग्नाचं तर पूर्ण कायद्याचं काम आहे, १८७२ चा इंडियन ख्रिश्चन मॅरेज ॲक्ट. लग्न लावायला पाळकाकडे कायद्याने दिलेला अधिकार लागतो, मुलगा २१ चा आणि मुलगी १८ ची पूर्ण पाहिजे, आधी नोटीस, चर्चमध्ये तीन रविवार बॅन्स, म्हणजे लग्नाची जाहीर सूचना, वाचायचे, कोणाची हरकत असेल तर ऐकायची, दुसऱ्या मंडळीचा असेल तर तिथल्या पाळकाचं पत्र मागवायचं. आणि साधारण नियम असा की लग्नविधी सकाळी ६ ते संध्याकाळी ७ च्या आतच व्हायला पाहिजे. वऱ्हाडी मंडळी बँड घेऊन सदरच्या रस्त्यावर नाचून राहिली असतात, साडेसहा वाजत आलेले असतात, पाळक दाराशी उभा राहून घड्याळ बघतो आणि लोक म्हणतात पाळकसाहेब उगीच चिडतात. तो चिडत नाही, त्या रजिस्टरवर त्याची सही असते. कमिटीने हे वराच्या घरी पंधरा दिवस आधीच सांगून ठेवलं तर पाळकाचा लग्नाच्या दिवशी वाईटपणा वाचतो.

एवढं सांगितलं की दोन तासांचा मुद्दा बहुतेक संपतो. पण खरी अडचण पुढे आहे, एक माणूस हे सगळं करू शकत नाही, आणि जे राहून जातं ते नेहमी एकच असतं, घरभेटी. संदेश सोडता येत नाही, दफन सोडता येत नाही, मीटिंग सोडली तर सेक्रेटरी रागावतात, घरभेट सोडली तर कोणीच तक्रार करत नाही, कारण ज्याला भेट पाहिजे होती तो तक्रार करायच्या परिस्थितीत नसतो. म्हणून बायबल वुमन.

तरुणांना हे नाव जुनं वाटतं हे मला कळतं. मिशनच्या काळात ज्या घरांमध्ये परक्या पुरुषाला पाय ठेवता येत नव्हता तिथे या बाया जायच्या, वाचायला शिकवायच्या, बाळंतिणीजवळ बसायच्या, गाणी म्हणायच्या. आता पडदा गेला म्हणून काम संपलं असं लोक समजतात. पण आजही दुपारी दोन वाजता सून ऑफिसला आणि नातू शाळेत गेल्यावर घरात एकटी असलेली बाई जे बोलते ते ती रविवारी चर्चच्या दारात पाळकाला कधीच सांगत नाही, आणि पाळकाने दुपारी एकट्या बाईच्या घरी एकट्याने जाऊही नये, हा नियम मी शेवटपर्यंत पाळला आणि नवीन पाळकांनाही सांगतो, बरोबर बायबल वुमन किंवा एखादे वडील असलेच पाहिजेत. म्हणजे बायबल वुमन नसली की ही अर्धी दारं पाळकालाही बंदच.

एक गोष्ट सांगतो, चर्चचं नाव सांगत नाही. एक विधवा आजी, दर रविवारी डावीकडच्या तिसऱ्या बाकावर, कधी चुकल्या नाहीत, आणि मग एकदम यायच्या बंद झाल्या. मी दोनदा गेलो, चहा दिला, म्हणाल्या गुडघे दुखतात. मी विश्वास ठेवला, प्रार्थना केली, निघून आलो. आमच्या बायबल वुमन, त्यांना सगळे मावशीच म्हणायचे, एका दुपारी भाजी निवडायला म्हणून त्यांच्याजवळ बसल्या, दोन तास बसल्या, ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांची दोन भजनं म्हटली, आणि संध्याकाळी येऊन मला म्हणाल्या, साहेब, गुडघे काही दुखत नाही त्यांचे, पोराची नोकरी गेली आहे, आठ महिन्यांची वर्गणी थकली आणि बोर्डावर त्यांच्या नावासमोर बाकी लिहिली आहे. चर्चच्या नोटीस बोर्डावर कमिटीने वर्गणीची यादी लावली होती, मी ती रोज बघत होतो, माझ्याच सहीखाली लागली होती, आणि त्या यादीने एक बाई देवाच्या घरातून बाहेर गेली होती हे मला दिसलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी चपराशी यायच्या आत मी ती यादी काढली. कमिटीत दोन महिने वाद चालला. आजी तिसऱ्या रविवारी परत आल्या, मावशीच घेऊन आल्या हाताला धरून.

आता ठरावाकडे या. ऑनलाइन उपासनेच्या मी विरोधात नाही, अंथरुणाला खिळलेले लोक मोबाइलवर बघतात, परगावी असलेली पोरं बघतात, लॉकडाऊनमध्ये त्याच्याशिवाय काही नव्हतं, आणि तरुण संघातल्या एखाद्या पोराच्या चांगल्या मोबाइलवर स्टँड लावूनही सुरुवात होते. पण कॅमेरा आलेल्या लोकांचं तोंड दाखवतो, तिसऱ्या बाकावरची आजी आज का नाही आली हे विचारायला कोणीतरी उठून जावं लागतं. तुम्ही मीटिंगमध्ये एवढंच विचारा की गेल्या वर्षी बायबल वुमननी किती घरी भेटी दिल्या ते कोणाला माहीत आहे का. बहुतेक कोणालाच माहीत नसेल. मग त्यांच्याकडची डायरी मागा. आमच्या मावशींकडे शंभर पानी वही होती, घराचं नाव, तारीख, आणि पुढे एक-दोन शब्द, सुनेशी पटत नाही, नातवाला ताप, नळ बंद. अशी वही कमिटीपुढे वाचून दाखवू नका, त्यातल्या गोष्टी खाजगी आहेत, नुसते भेटींचे आकडे मोजून सांगा.

आणि जागा ठेवायची तर नीट ठेवा. सध्याच्या बाई रिटायर होतात तर त्यांच्याबरोबर नवीन बाईला तीन महिने तरी फिरू द्या, घरं ओळखीची झाली पाहिजेत. नाव बदलायचं असेल तर बदला, सेविका म्हणा, पास्टोरल असिस्टंट म्हणा, शिकलेली तरुण मुलगी मिळाली तर उत्तम, पण पगार लाजिरवाणा ठेवू नका. देवाची सेवा आहे म्हणून कमी पगार, हे वाक्य मी कमिट्यांमध्ये इतक्यांदा ऐकलं आहे आणि प्रत्येक वेळी ते म्हणणाऱ्याचा स्वतःचा पगार चांगला होता. बस-ऑटोचा खर्च वेगळा द्या, पगारातून नको.

पाळकाच्या बायकोबद्दल इथेच बोलून घेतो कारण बायबल वुमनची जागा गेली की ते काम न सांगता पाळकबाईंवर येतं. माझ्या घरचीने महिला संघ चालवला, संडे स्कूल घेतलं, दारात आलेल्या प्रत्येकाला चहा दिला, रात्री दीडला दार वाजलं तर आधी तीच उठायची, आणि ३१ वर्षांत कोणत्याच रजिस्टरमध्ये तिचं नाव स्टाफ म्हणून लागलं नाही. तिने आनंदाने केलं हे खरं आहे, तिला कोणी विचारलं नाही हेही खरं आहे. तुमच्या नवीन पाळकांच्या मिसेस नोकरी करत असतील, बँकेत असतील, शाळेत असतील, तर त्यांना पहिल्याच रविवारी महिला संघाचं अध्यक्षपद देऊ नका. विचारा, आणि नाही म्हणाल्या तर वाईट वाटून घेऊ नका.

पैशाबद्दल कडक बोलतो. दानार्पणाचे पैसे पाळकाच्या हातात द्यायचे नाहीत, एका रविवारीही नाही. उपासना संपली की वेस्ट्रीत, म्हणजे चर्चच्या बाजूच्या खोलीत, कमिटीचे दोन जण, एकाच घरातले नकोत, बसून मोजतील, वहीत दोघांच्या सह्या, सोमवारी बँकेत, अकाउंटवर दोन सह्या. एका ठिकाणी मी नवीन असताना ट्रेझरर गावाला गेले म्हणून तीन रविवारचं दान माझ्या कपाटात राहिलं, रुपयाही इकडचा तिकडे झाला नव्हता, पण नंतर ऑडिटला एक बिल सापडेना आणि पूर्ण उन्हाळा लोक माझ्याशी बोलताना नजर चुकवायचे. मी दोषी नव्हतो, तरी त्या दिवसांत पुलपिटावर उभा राहून बोललेला एकही शब्द कोणाच्या मनात गेला नसेल. कमिटीने पैसे स्वतः सांभाळले की पाळकाचं तोंड मोकळं राहतं.

दुसरी कडक गोष्ट मुलांबद्दल. संडे स्कूलच्या कोणत्याही वर्गात एकच मोठा माणूस आणि दार बंद असं होऊ नये, दोन जण पाहिजेत. आणि लेकराने अत्याचाराची काही गोष्ट सांगितली तर चर्चची बदनामी होईल म्हणून आपसात मिटवायचं नाही, २०१२ च्या पॉक्सो कायद्यात पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, पाळकालाही, टीचरलाही, कमिटीलाही, न कळवणं हाच गुन्हा आहे. बाकी माणसं पाळकाजवळ जे मन मोकळं करतात ते पाळक मरेपर्यंत कोणाला सांगत नाही, बायकोलाही नाही, पण लेकराच्या सुरक्षेपुढे हे बंधन लागू होत नाही. नवीन स्टाफ घेताना हे तोंडी नको, लिहून द्या.

ऑर्गनवाले आणि चपराशी यांच्याबद्दल फार लांबवत नाही. ऑर्गनवाल्यांना गुरुवारपर्यंत गीतांचे नंबर मिळाले पाहिजेत, शनिवारी रात्री व्हॉट्सॲपवर नाही. चपराशाला वर्षातून एक रविवार सुट्टी द्या, बायकापोरांबरोबर बाकावर बसून उपासना करायला, त्या दिवशी घंटा कमिटीतल्या कोणीतरी वाजवावी, तुम्हीच वाजवा.

एक गोष्ट अजून, तरुण म्हणून तुम्हाला ती उपयोगी पडेल. आपल्या मंडळ्यांमध्ये पोरं हिंदीत बोलतात, इंग्लिशमध्ये गातात, आणि म्हातारी माणसं विदर्भातल्या खेड्यातून आलेली, मराठीतच प्रार्थना करणारी. नवीन पाळक पुण्या-नगरकडचे असतील तर त्यांची मराठी पुस्तकी वाटेल, आपल्याकडच्या आजीला म्हणाल काय होते जी तर ती खुलते. त्यांना पहिले सहा महिने लोकांच्या घरी घेऊन जायला कोणी लागेल, गल्ली दाखवायला, कोणाचं कोणाशी नातं आहे ते सांगायला, कोणत्या घरात वडील वारले तेव्हा कोणी आलं नाही म्हणून वीस वर्षं राग आहे ते सांगायला. हे सगळं रिटायर होणाऱ्या बायबल वुमनला पाठ आहे. म्हणजे ज्या महिन्यात पाळकाला त्यांची सगळ्यात जास्त गरज आहे त्याच महिन्यात तुमची कमिटी ती जागा बंद करायला निघाली. दुसरं काही नाही जमलं तर निदान हा एक मुद्दा मांडा, आणि त्यांना डिसेंबरपर्यंत तरी थांबवता येतं का ते बघा. मग हिवाळ्यात, नवीन पाळकांनी स्वतः घरं फिरून पाहिल्यावर, ठराव परत आणा, बघा ते काय म्हणतात.

राहिलं स्वागत. शाल, हार, फोटो हे होईलच, त्यात माझा सल्ला नको. पण सामानाचा ट्रक येण्याच्या आठवडाभर आधी पार्सोनेजची, म्हणजे पाळकाच्या राहत्या घराची, किल्ली घेऊन स्वतः जा. नळ उघडून बघा, पाणी किती वाजता येतं ते कागदावर लिहून दाराच्या आत चिकटवा. आधीच्या पाळकांचं लाइट बिल राहिलं आहे का बघा, मी एका गावी पोहोचलो तेव्हा मीटर कापलेला होता आणि आमचं धाकटं सात महिन्यांचं होतं. कूलरच्या जाळ्या नवीन भरा, जूनचे पहिले दोन आठवडे आपल्याकडे मे सारखेच जातात. पोरांच्या शाळेची ॲडमिशन कुठे होऊ शकते ते दोन ठिकाणी विचारून ठेवा. ज्या रात्री ते येतील त्या रात्रीचं जेवण एका घरातून जाऊ द्या, साधं, वरण-भात-भाजी, आणि जेवण देऊन लगेच निघा, बसू नका, ते थकलेले असतात. माठ धुऊन भरून ठेवा.